नवीन आशाताईसाठी

अगं, पहिल्या वर्षी रात्री दोनलाही फोन आला की मी पळायचे. बाळंतपणासाठी पळायचंच, १०८ला फोन करून सोबत जायचं. पण लोक रेशनकार्डाचं विचारायलाही रात्री फोन करतात. त्यांना ‘सकाळी बोलू’ म्हणायला शिक. हजारभर वस्तीला तू एकटी आहेस.

दवाखान्यात बाळंतपण झालं की बाळाला बघायला घरी सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. तारखा आधीच डायरीत लिही. भेट झाली की तिथेच ओट्यावर बसून फॉर्म भर. महिनाअखेरीस ढीग साठला की मोबदलाही अडकतो, झोपही जाते.

माझ्याकडचं एक बाळ गेलं. झोळीच्या काट्यावर १८०० ग्रॅम भरलं होतं, तो काटा आजही डोळ्यांसमोर येतो. पंधरा दिवस मी त्या घराची वाट टाळली, कुणाशी बोलले नाही. शेवटी आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंजवळ रडले, तेव्हा कुठे घास गिळला. तू इतकी थांबू नकोस. चिडचिड वाढली, बाळाला हातात घेऊनही काही वाटेनासं झालं, तर त्याच आठवड्यात बोल. मनाच्या त्रासासाठी मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ नंबर आपण गावाला सांगतो ना, तो आपल्यासाठीही आहे.