वाहन-प्रश्नोत्तरे : पुढच्या ब्रेकला दुसऱ्या गाडीचे कॅलिपर

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची एस्टीम असून तिच्या नोंदणीचे नूतनीकरण मी करून घेतले आहे. गेल्या महिन्यात घरच्या चौघांना घेऊन सिंहगडावरून उतरत असताना, पायथ्याच्या तपासणी नाक्याच्या थोडे अलीकडे, ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडले आणि जवळजवळ तळाला टेकले. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवली. पाऊण तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे लागू लागले. ओळखीचे मेकॅनिक सुचवतात की पुढच्या चाकांना बलेनोचे मोठे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, म्हणजे डिस्क, दोन बाजूंच्या पॅडने आवळणारे चिमटे) बसवावेत, म्हणजे ब्रेक दुपटीने लागेल. जुन्या बाजारात एक जोडी मिळत आहे. हा बदल करावा का? (एक वाचक, धायरी)

उत्तर : आपल्या शंकेचे निम्मे उत्तर ‘पेडल मऊ पडले’ या आपल्याच शब्दांत आहे. पॅड तापून त्यांची पकड गेली असती, तर पेडल घट्टच लागले असते आणि पाय रोवूनही गाडी पुढे जात राहिली असती. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा बहुधा कॅलिपरमधील ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पायाचा सारा जोर ते बुडबुडे आवळण्यातच खर्ची पडतो. गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल होते, म्हणूनच पाऊण तासाने आपले पेडल पूर्ववत झाले. हँडब्रेकने हात दिला, कारण तो मागच्या ड्रमवर केबलने चालतो आणि त्याचा ऑइलशी संबंध नसतो.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा सतत शोषत असते. डॉट ४ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये अशी अट आहे. तेच ओलावलेल्या ऑइलसाठी १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल शेवटचे कधी बदलले याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे.

उतारावर किती उष्णता निर्माण होते, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. पाच माणसांसह आपली गाडी सुमारे १,२०० किलो भरेल, आणि गडावरून पायथ्यापर्यंतचा उतार ६०० मीटरच्या आसपास धरला, तर त्या उतारात मुक्त होणारी ऊर्जा ताशी ८० किलोमीटरच्या वेगावरून गाडी चोवीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरलो, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. (ही ‘बचत’ करणारी मंडळी आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत.) ही उष्णता मुख्यतः डिस्क साठवते आणि हवेत सोडते. कॅलिपर हा केवळ चिमटा आहे; तो मोठा केल्याने भट्टी थंड होत नाही.

तेव्हा प्रथम सर्व चाकांकडून जुने ऑइल पूर्ण काढून नवे डॉट ४ भरावे आणि पुढे दर दोन वर्षांनी ते बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यात चालत नाही. त्याच वेळी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना हाताने सहज सरकतात का, हे समोर उभे राहून पाहावे. पिन अडकली की एकच पॅड झिजतो, तोही सतत घासत राहतो, आणि उतार लागण्यापूर्वीच डिस्क तापलेली असते. मागच्या ड्रमचे लायनर सैल असतील, तरी पेडल खोल जाते आणि पुढच्या ब्रेकवर अधिक ताण येतो. एवढे केल्यावर बहुतेक एस्टीम सिंहगड निमूटपणे उतरतात.

आता कॅलिपरविषयी. समजा, आपल्या कॅलिपरमधील पिस्टनचा (पॅड दाबणाऱ्या दट्ट्याचा) व्यास ४८ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचा ५४. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच दाबाला पकड सुमारे सव्वापट होईल, दुप्पट नव्हे. पण पिस्टन तेवढाच सरकवायला ऑइलही सव्वापट लागेल, आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा) जुनाच ठेवल्यास पेडल अधिक खाली जाईल. ज्याची तक्रार आहे तेच वाढवण्यासारखे हे आहे. मोठा मास्टर सिलिंडर घातला, तर पेडल वर येते, पण कडक होते आणि मिळवलेला फायदा बराचसा परत जातो.

त्याहून गंभीर बाब पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या तोलाची आहे. एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत केवळ पुढची पकड वाढवली, तर पहिल्या पावसाच्या निसरड्या रस्त्यावर पुढची चाके लवकर जाम होतात, आणि जाम झालेल्या चाकाला स्टीअरिंग वळवता येत नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर आपली चाके आजही जाम होत असतील, तर थांबण्याचे अंतर टायरच्या पकडीने ठरते; तिथे मोठ्या कॅलिपरचा काही उपयोग नाही.

तरीही बदल करायचाच असेल, तर कॅलिपर, त्याची ब्रॅकेट, डिस्क आणि होज हे सारे एकाच गाडीचे घ्यावे, आणि ब्रॅकेटच्या बोल्टमधील अंतर आपल्या नकलशी (कॅलिपर ज्यावर बोल्टने बसतो त्या चाकामागच्या सांध्याशी) जुळते का, हे व्हर्नियरने मोजावे. आपली रिम १३ इंची आहे. मोठी डिस्क घातल्यास कॅलिपर रिमला आतून घासण्याचा धोका आहे, म्हणून चाक बसवून हाताने पूर्ण फिरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात नुसते ‘बलेनोचे’ म्हणून मागू नये, कारण १९९९ ते २००७ मधील सेडान आणि २०१५ पासूनची हॅचबॅक या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेले सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे.

प्रश्न : मी मूळचेच, पण वापरलेले कॅलिपर नुकतेच बसवले. तीन वेळा एअर काढूनही पेडल स्पंजी लागते. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : ब्लीडिंगचा (हवा बाहेर काढण्याचा) निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या, हे पाहा. डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल होऊन बसले, तर निपल खाली येतो आणि वर अडकलेली हवा कितीही ऑइल काढले तरी बाहेर पडत नाही. हे मी स्वतः एकदा करून बसलो होतो आणि अर्धा लिटर ऑइल वाया घालवल्यावर माझ्या लक्षात आले. निपल वरच असेल, तर पिस्टनचा रबरी बूट उचलून आत गंज किंवा ओल आहे का ते तपासा. तशी असल्यास नुसते रबर किट बदलून भागणार नाही, पिस्टनही बदलावा लागेल.