दिव्याचे कर्ज आणि चुलीचे कर्ज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कमी उत्पन्नाच्या घरांत सौर दिवे आणि धूर न करणारी चूल छोट्या कर्जातून कशी पोहोचवता येईल, याविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न येथे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमचा बचत गट शिलाई यंत्र, जनावरे, लहान दुकान अशा कामांसाठी सदस्यांना कर्ज देतो. आता काही जणींनी सौर दिव्यासाठी कर्ज मागितले आहे. दिवा काही कमावून देत नाही, मग हप्ता येणार कोठून, असा इतरांचा आक्षेप आहे. तो योग्य आहे का?

आक्षेप घेणाऱ्या सदस्यांना मी चूक म्हणणार नाही, कारण कर्ज देताना परतफेडीचा पैसा कोठून येईल हे विचारणे हे गटाचे पहिले कर्तव्यच आहे. मात्र हप्ता नव्या कमाईतूनच येतो असे नाही, तो थांबलेल्या खर्चातूनही येतो. वीज नसलेल्या घरात रॉकेल, मेणबत्त्या, विजेरीचे सेल आणि मोबाइल दुसरीकडे चार्ज करून घेण्याचे पैसे हा खर्च रोज चालूच असतो. तो इतका थोडा थोडा होतो की, महिन्याला किती जातात असे विचारल्यावर बहुतेकांना आकडा सांगता येत नाही. म्हणून कर्ज मंजूर करण्यापूर्वी अर्जदार सदस्याला किमान एक महिना हा खर्च वहीत लिहायला सांगावे. हप्ता त्या आकड्याच्या आत बसत असेल, तर घराच्या अंदाजपत्रकावर नवा भार पडत नाही. तो आकड्याबाहेर जात असेल, तर उरलेली रक्कम घरातल्या दुसऱ्या कोणत्या तरी गरजेतून कापली जाणार आहे, हे गटाने आणि सदस्यानेही आधीच स्पष्ट मान्य केलेले बरे.

या हिशेबावर उभे राहिलेले सर्वांत मोठे काम बांगलादेशात झाले. ग्रामीण बँकेच्या परिवारातील 'ग्रामीण शक्ती' ही संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली. किमतीचा १५ टक्के भाग सुरुवातीला आणि बाकी रक्कम ३६ मासिक हप्त्यांत, ही तिची एक प्रचलित योजना होती. पुढे २००३ मध्ये 'इडकॉल' या सरकारी वित्तसंस्थेने अशा अनेक संस्थांना स्वस्त दराने पुनर्वित्त, म्हणजे पुढे कर्जे देण्यासाठी लागणारा पैसा, देण्यास आरंभ केला. पन्नास हजार घरांचे मूळ उद्दिष्ट २००८ पर्यंत गाठायचे होते, ते २००५ मध्येच पूर्ण झाले. अखेरीस सुमारे ४१ लाख घरांत सौर संच बसले आणि जवळजवळ दोन कोटी लोकांना त्यांचा लाभ झाला. या यशाची दुसरी बाजू मी शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय हे उदाहरण देणे मला प्रामाणिक वाटत नाही.

प्रश्न : सौर संच बसवून वर्ष व्हायच्या आत बॅटरी निकामी झाली. विक्रेता फोन उचलत नाही आणि कर्ज देणारी संस्था म्हणते की, हप्त्याचा आणि बॅटरीचा काही संबंध नाही. आम्ही हप्ता थांबवावा का?

करारात कर्ज देणारी संस्था आणि विक्रेता वेगळे असतील, तर कायद्याच्या दृष्टीने संस्थेचे म्हणणे बहुधा टिकेल, आणि हप्ता थांबवल्यास तुमच्या पतनोंदीवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडेल. म्हणून हप्ता चालू ठेवून, हमीपत्राची प्रत जोडून विक्रेता आणि संस्था या दोघांकडेही लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी.

परंतु संबंध नाही हे संस्थेचे उत्तर तिच्या स्वतःच्याच हिताविरुद्ध आहे. चांगले पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते. शिसे-आम्लाची बॅटरी मात्र जेमतेम तीन ते पाच वर्षे टिकते आणि निष्काळजीपणे वापरली तर त्याहूनही कमी. दिवा बंद पडला की घरात पुन्हा रॉकेल येते, म्हणजे हप्ता ज्या बचतीतून द्यायचा ती बचतच नाहीशी होते, आणि कर्ज तेवढे मागे उरते. अशा वेळी थकलेल्या हप्त्याला कर्जदाराचा अप्रामाणिकपणा म्हणणे अन्यायाचे आहे. सूक्ष्म कर्जाला सहसा तारण नसते. माझ्या मते ऊर्जेच्या कर्जाला एकच खरे तारण असते, ते म्हणजे हाकेच्या अंतरावरचा दुरुस्ती करणारा माणूस.

कर्नाटकात १९९५ पासून काम करणाऱ्या 'सेल्को' या कंपनीने हे फार लवकर ओळखले. तिने स्वतः सावकारी न करता ग्रामीण बँका आणि सहकारी संस्थांना कर्जासाठी तयार केले आणि दुरुस्तीची केंद्रे मात्र स्वतःकडे ठेवली. तिचे एक संस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हप्त्याची लय उत्पन्नाच्या लयीशी जुळवणे हाही याच कामाचा भाग होता. रोज विक्री करणाऱ्याकडून रोज थोडे आणि शेतकऱ्याकडून पीक आल्यावर घ्यायचे. महिन्याच्या एक तारखेला पगार होतो हे गृहीतच मुळी पगारदारांचे आहे.

नव्याने कर्ज घेणाऱ्यांनी कर्जाची मुदत बॅटरीच्या लेखी हमीपेक्षा मोठी नाही ना, एवढे तरी तपासावे. लहान संचांसाठी 'व्हेरासोल'सारखी आंतरराष्ट्रीय गुणवत्ता-प्रमाणपत्रे आहेत. संस्थेने केवळ प्रमाणित संचांनाच कर्ज द्यावे, असा आग्रह गटाने धरण्यास हरकत नाही.

प्रश्न : एक संस्था १२ टक्के व्याज सांगते आणि दुसरी १८ टक्के. पहिलीकडूनच कर्ज घ्यावे, हे उघड नाही का?

उघड नाही. पहिलीचा दर सपाट, म्हणजे अगदी अखेरच्या हप्त्यापर्यंत मूळ रकमेवर आकारलेला असू शकतो, आणि दुसरीचा घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावर. शंभराच्या कर्जावर सपाट १२ टक्के म्हणजे वर्षात ११२ परत करायचे. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असल्याने पूर्ण शंभर तुमच्याकडे एकच महिना राहतात. बारा समान हप्त्यांत हा दर घटत्या शिलकीवर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता मिळवला की तो आणखी चढतो. म्हणून टक्क्यांऐवजी प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न विचारावा : हातात किती येणार आणि शेवटपर्यंत एकूण किती द्यावे लागणार?

दर एवढे का असतात, याचे कारणही सांगायला हवे. लहान कर्ज देण्या-वसूल करण्याचा खर्च मोठ्या कर्जाइतकाच येतो, आणि तो लहान रकमेवर विभागला की टक्केवारी फुगते. त्यावर अनुदानाचा उपाय जपूनच करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ मध्ये कॅनरा आणि सिंडिकेट बँकांबरोबर सौर कर्जयोजना सुरू केली, तेव्हा आरंभी व्याज सुमारे १२ वरून ५ टक्क्यांवर आणले आणि पुढे ती सवलत टप्प्याटप्प्याने कमी केली. वीस हजारांच्या आसपास कर्जे दिली गेली. तथापि, सौर दिव्याचे कर्ज बुडत नाही हे शाखा व्यवस्थापकांना स्वतः पाहता आले, हा मला त्या योजनेचा अधिक टिकाऊ लाभ वाटतो.

प्रश्न : दिव्याला कर्ज मिळते, मग गॅस जोडणीला किंवा सुधारित चुलीला का मिळू नये? धुराचा त्रास तर अंधारापेक्षा मोठा आहे.

त्रास मोठा आहे, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे होणाऱ्या प्रदूषणाने २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, आणि आजही जगातील दोनशे कोटींहून अधिक लोक लाकूड, शेण, कोळसा किंवा रॉकेल यांवर स्वयंपाक करतात. तरीही चुलीचे कर्ज दिव्याच्या कर्जासारखे सुटसुटीत नसते, आणि याचे कारण संस्थांची अनास्था एवढेच नाही.

रॉकेल विकत घ्यावे लागते, सरपण मात्र अनेक घरांत गोळा केले जाते. ते गोळा करणाऱ्या बाईचे तास जातात, पाठ जाते, डोळे जातात, पण वहीत लिहिण्याजोगा पैसा जात नाही. त्यामुळे स्वच्छ चूल आल्यावर वाचतो तो तिचा वेळ आणि तिचा श्वास, आणि या दोहोंतून हप्ता भरता येत नाही. वाचलेल्या वेळात तिला मोबदल्याचे काम मिळत असेल तरच हिशेब जुळतो. शिवाय कर्जाला संमती देणारा पुष्कळदा घरातील पुरुष असतो आणि धूर सोसणारी स्त्री. जेथे सरपण किंवा कोळसा रोख पैशाने विकत घेतला जातो, उदाहरणार्थ शहरांतील गरीब वस्त्यांत, तेथे मात्र कमी इंधन खाणारी चूल स्वतःचा हप्ता स्वतः भरू शकते, आणि सूक्ष्मवित्त संस्थांनी आरंभ तेथूनच करावा असे माझे मत आहे.

गॅसचा प्रश्न आणखी वेगळा आहे. जोडणीचा खर्च एकदाच होतो, म्हणून त्याला कर्ज शोभते. सिलिंडर मात्र पुन्हा पुन्हा भरावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या खर्चासाठी कर्ज काढणे म्हणजे कर्जावर कर्ज. भारतात २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा शेगडी आणि पहिल्या सिलिंडरची रक्कम अनेक लाभार्थींना तेल कंपन्यांकडून कर्जाऊ मिळाली, आणि तिची वसुली पुढील सिलिंडरांच्या अनुदानातून होऊ लागली. म्हणजे नेमक्या ज्या काळात गॅसची सवय लागायला हवी, त्याच काळात घराला सिलिंडर पूर्ण किमतीला पडू लागला. २०१८ मध्ये पहिल्या सहा सिलिंडरांपुरती ही वसुली पुढे ढकलावी लागली. व्याज नसलेले कर्जही चुकीच्या वेळी वसूल केले तर माणूस चुलीकडे परत जातो, हे त्यातून दिसले. केनिया आणि टांझानियात मीटर बसवलेले सिलिंडर देऊन जेवढा गॅस जळेल तेवढेच पैसे मोबाइलवरून घेण्याची पद्धत रुजते आहे. रॉकेल बाटलीने आणणाऱ्या घराला ती जवळची वाटते.

ज्यांच्याकडे सरपण फुकट आहे आणि रोख उत्पन्न तुटपुंजे आहे, त्यांच्या चुलीसाठी कर्ज हे साधन नव्हे. तेथे सार्वजनिक पैसाच यायला हवा.

प्रश्न : हप्ता चुकला की कंपनी दुरूनच संच बंद करते, असे ऐकले. हे माणुसकीला धरून आहे का?

मोबाइलवरून पैसे पाठवण्याची 'एम-पेसा' सेवा केनियात २००७ मध्ये आली आणि तिच्यावर 'एम-कोपा'सारख्या कंपन्यांचा हा व्यवहार उभा राहिला : थोडी रक्कम आधी, मग रोजचे लहान हप्ते, आणि पैसे आले नाहीत तर दिवा आपोआप बंद. माझे मत याबाबत संमिश्र आहे. एकीकडे वसुलीसाठी दारात कोणी उभे राहत नाही, शेजारणींसमोर अपमान होत नाही, आणि चार दिवस हात आखडला तर चार दिवस अंधार, इतकाच दंड होतो. गट-जामिनाच्या कर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांचा दबाव येतो. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये वसुलीच्या जाचाविरुद्ध सरकारला अध्यादेश काढावा लागला होता. त्यापेक्षा यंत्राचे कुलूप सौम्यच म्हणावे लागेल. दुसरीकडे, आजारपण असलेल्या घरातील एकुलता दिवा यंत्राने विझवणे आणि ज्याच्याशी बोलावे असा माणूसच समोर नसणे, हेही क्रूरच आहे. करारात दर वर्षी काही दिवसांची सूट आहे का, बंद काळाचे व्याज लागते का, आणि शेवटच्या हप्त्यानंतर कुलूप कायमचे निघते का, हे तीन मुद्दे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावेत.

प्रश्न : आमच्याकडे विजेची लाइन येणार, असे दर निवडणुकीला सांगतात. सौर संचासाठी कर्ज घ्यावे की थांबावे?

बांगलादेशाची राहिलेली बाजू हीच. तेथे २०१३ नंतर सौर संचांची विक्री घसरत गेली, कारण विजेचे जाळे अपेक्षेपेक्षा वेगाने पसरले आणि त्याच सुमारास सरकारी योजनांतून संच फुकट वाटले जाऊ लागले. शेजाऱ्याला जे फुकट मिळाले त्याचे हप्ते भरत राहणे कोणालाही जड जाते. वसुली ढासळली आणि ज्या संस्थांनी कर्जे दिली होती त्या अडचणीत आल्या.

तरीही केवळ आश्वासनावर विसंबून अंधारात बसावे, असे मी म्हणणार नाही. भिंतीत तारा पुरलेला मोठा संच घेण्याऐवजी दोन-तीन दिवे आणि मोबाइल चार्जिंगपुरता, उचलून नेता येणारा संच घ्यावा आणि मुदत वर्षाच्या आसपास ठेवावी. वीज आल्यानंतरही ती वारंवार जात असेल, तर असा संच वाया जात नाही. मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड पडतो का, हे विचारून घ्यावे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्मवित्त कर्जावर असा दंड लावता येत नाही, आणि घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, अशीही त्यांत मर्यादा आहे. ग्रामीण शक्तीच्या ग्राहकाला खरेदीनंतर वर्षभरात वीज आल्यास संच घसारा, म्हणजे वापरामुळे कमी झालेली किंमत, वजा करून संस्थेलाच परत विकता येत असे. तुमच्या विक्रेत्याकडे हीच अट मागा, आणि त्याने होकार दिला तर ती करारात लिहून घ्या.