जुन्या घरगुती डायरीत जगातल्या मोठ्या घटना सापडतात का?

सापडतात, पण एका ओळीत, अन् त्याही बैल-बियाण्याच्या मधे दडलेल्या. आमच्या आजोबांची वही यवतमाळकडची, कापूसवाल्या घरातली. २१ जुलै १९६९, सोमवारची नोंद पहा:

"डवरे दोन चालले. निंदाले ७ बाया. पाऊस नाही. रेडिओवर माणूस चंद्रावर उतरल्याचे सांगितले. तांबड्याच्या खुराले हळद-तेल लावले."

(डवरा म्हणजे बैलाने ओढायचं कोळपणीचं अवजार, निंदाले म्हणजे तण काढायला.) चंद्राला एक वाक्य, बैलाच्या खुरालाही एक! चंद्रावर पहिलं पाऊल पडलं तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत होते, त्यामुळे तारीख २१ पडली. अमेरिकेत २० जुलैची रात्र होती. तारखा जुळवताना हे ध्यानात ठेवा. पेपरातून कळलेली बातमी तर गावात पेपर पोचेल त्या दिवशी लिहिली जायची.

त्याच्या दोनच दिवस आधी, १९ जुलैला, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. वहीत त्याचा पत्ताच नाही. मला हे जास्त बोलकं वाटतं, कारण तेव्हा उधारी सावकाराकडे होती. त्याच्या व्याजाचा हिशेब मात्र पानोपानी आहे, पैशा-पैशासकट.

तुमच्या वहीत इसवी सन नसून शके असेल तर ७८ मिळवा, म्हणजे शके १८९१ ला १९६९. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या नोंदींना ७९. आणि आधी दिवाळी-पोळ्याची पानं शोधा, त्यांच्या आधाराने बाकीच्या तारखा पटकन लागतात.