बारावी सायन्सनंतर सीए: सुरुवात दुकानाच्या वहीपासून

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझं पंप आणि सुट्या भागांचं दुकान आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, गणित चांगलं आहे. आता तिला बी.कॉम. करता करता सीए करायचंय. कोणी म्हणतं, कॉमर्स नसलं तरी चालतं. कोणी म्हणतं, दोन वर्षं मागे पडेल. मी जमा-नावे (क्रेडिट-डेबिट) समजावायला बसलो, तर तिचं पुस्तक आणि माझी वही उलटं बोलतात. काय करावं? – एक पालक

उत्तर: दोन वर्षं मागे पडणार नाही, पण दोन महिने नेटाने द्यावे लागतील, तेही एकाच विषयाला. सीए फाउंडेशनचे, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचे, शंभर-शंभर गुणांचे चार पेपर असतात: अकाउंटिंग, बिझनेस लॉज, क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूड आणि अर्थशास्त्र. पहिले दोन लेखी, उरलेले दोन पर्यायांतून उत्तर निवडायचे. या दोनमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. पास व्हायला प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण 50 टक्के हवेत. तिसऱ्या पेपरात गणित 40, संख्याशास्त्र 40 आणि तर्क 20 गुणांचं असतं. तिथे तुमची मुलगी कॉमर्सवाल्यांच्या पुढेच असेल. कायदा आणि अर्थशास्त्र वाचून होतं. अडचण अकाउंटिंगची आहे, आणि मुलं तिथे कच्ची राहतात ती नियम पाठ करत बसल्यामुळे.

तुमची वही आणि तिचं पुस्तक भांडत नाहीत. गिऱ्हाइकाने उधारीचे 5,000 आणून दिले की तुम्ही रोजमेळात (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) त्याच्या नावाने जमा लिहिता. ती जमा त्या गिऱ्हाइकाच्या खात्याची. रोख आली हे तुम्ही गृहीतच धरता. पुस्तक तीही बाजू लिहायला लावतं: रोख खाते नावे, गिऱ्हाइकाचं खाते जमा. पासबुकाचंही तसंच. तुम्ही भरलेले पैसे तिथे क्रेडिट दिसतात, कारण ती बँकेची वही आहे आणि तिच्या लेखी तुम्ही धनको, म्हणजे ज्याचं देणं आहे तो, आहात. प्रत्येक व्यवहाराला तिने आधी विचारावं, 'ही वही कोणाची?' निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता एक महिना तिच्याकडून पूर्ण मांडून घ्या. आकडे असे धरा. भांडवल 2,00,000 रोख. माल घेतला 1,20,000 चा. निम्मे रोख दिले, निम्मे उधार. त्यातला 80,000 चा माल 1,10,000 ला विकला. 40,000 रोख आले, 70,000 येणं राहिलं. भाडं 10,000 आणि एक यंत्र 30,000, दोन्ही रोख. आधी रोजकीर्द (व्यवहारांची तारीखवार नोंद), मग खतावणी (त्या नोंदी खात्याखात्यात), मग तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी). नावे बाजूला रोख 1,40,000, खरेदी 1,20,000, ऋणको (ज्यांच्याकडून येणं) 70,000, भाडं 10,000, यंत्र 30,000. जमा बाजूला भांडवल 2,00,000, धनको 60,000, विक्री 1,10,000. दोन्हीकडे 3,70,000.

नवखी मुलं इथेच घसरतात, कारण शिल्लक राहिलेला 40,000 चा माल या तेरजेत कुठेच नाही. तो महिनाअखेरी मोजून दोन ठिकाणी घ्यायचा: व्यापारी खात्यात (खरेदी-विक्रीचा नफा काढायचं खातं) जमा बाजूला आणि ताळेबंदात मालमत्तेत. एकीकडे घेतला, दुसरीकडे विसरला की ताळेबंद 40,000 ने चुकणार. नीट घेतला तर नफा 20,000 निघतो (यंत्राचा घसारा, म्हणजे वापराने घटणारी किंमत, तूर्त सोडलाय) आणि ताळेबंद दोन्हीकडे 2,80,000 वर जुळतो. मग तिला विचारा: नफा 20,000, तरी गल्ल्यातले 60,000 कमी कसे झाले? पैसे उधारीत, मालात आणि यंत्रात अडकलेत, हे तिला बोट ठेवून दाखवता आलं तर तिला विषय कळला असं मी समजेन. क्लासच्या नोट्समध्ये हा प्रश्न सहसा नसतो.

तेरीज जुळली नाही तर सगळं पुन्हा लिहू देऊ नका. फरकाला दोनने भागा. तेवढ्या रकमेची नोंद सापडली तर ती बहुधा चुकीच्या बाजूला गेलीय. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा: 450 चे 540 झाले की फरक 90 येतो. आणि जुळली म्हणजे बरोबर असंही नाही. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्र खात्यात टाकला तरी तेरीज बिनबोभाट जुळते आणि नफा फुगतो.

संख्याशास्त्राला सूत्रं तिला येतीलच; कोणतं माप कधी वापरायचं ते शिकवा. पाच दिवसांची विक्री 4,000, 4,500, 5,000, 5,200 आणि एका मोठ्या पंपामुळे 41,300. मध्य (सरासरी) 12,000 येतो, मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधला आकडा) 5,000. रोजच्या विक्रीचा अंदाज बांधायला 12,000 काही कामाचे नाहीत.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर परीक्षेत चालत नाही, हा सायन्सवाल्यांना बसणारा धक्का. साधा बारा अंकी घ्या आणि आजपासून तोच वापरू द्या. महिना एक टक्का चक्रवाढीने 10,000 चे वर्षात किती होतात? 1.01, गुणिले, मग बरोबरचं बटण अकरा वेळा, शेवटी 10,000 ने गुणायचं. काही कॅल्क्युलेटरवर गुणिले दोनदा दाबावं लागतं. उत्तर सुमारे 11,268. बारा महिने म्हणून बारा वेळा दाबलं तर 11,381 येतात, आणि पर्यायांत असा आकडा असला की पाव गुण गेलाच.

क्लास लावायचा तर आधी सहा आठवडे घरी हे करून घ्या, रोज दीड तास. पाठ्यपुस्तक अकरावीच्या पुस्तपालनाचं चालेल. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा आणि अंतिम खाती एवढेच धडे. फाउंडेशनची उत्तरं मराठीत लिहिता येत नाहीत, म्हणून प्रत्येक खात्याचं नाव तिला इंग्रजीतही लिहायला लावा. सहाव्या आठवड्याच्या शेवटी दुकानाच्या खऱ्या महिन्याचा ताळेबंद तिने एकटीने जुळवला, तर फाउंडेशनची नोंदणी करायला हरकत नाही. त्यानंतर परीक्षेपूर्वी किमान चार महिन्यांचा अभ्यासकाळ लागतो, तेव्हा तारखा आधी पाहून ठेवा. नाही जुळला तर आणखी दोन आठवडे थांबा, क्लासचे पैसे तोवर भरू नका.