सांगलीच्या सभागृहासाठी भिंतीवरचा लाइट कंट्रोलर: तीन कोटेशन्स, एक एफडी

प्रश्न: सांगलीत आमचं १८० खुर्च्यांचं सभागृह आहे. रंगमंचावर २० एलईडी पार (रंग बदलणारे स्टेजचे दिवे) आहेत. महिन्याला सरासरी ९ बुकिंग होतात. त्यांतली ५ तरी साधी असतात: व्याख्यान, डोहाळजेवण, क्लासचा बक्षीस समारंभ. तरी दर वेळी लाइटवाल्याला १,२०० रुपये देऊन बोलवावं लागतं. भिंतीवरच्या कंट्रोलरसाठी कर धरून तीन कोटेशन्स आलीत. साधं टच पॅनेल ६,५०० रुपये, सीन (कोणता दिवा किती आणि कोणत्या रंगात लागेल ती मांडणी) साठवणारं पॅनेल ३३,०००, आणि दिवे चालवायचा मोठा बोर्ड अधिक पॅनेल असा संच ९५,०००. संच २४ हप्त्यांत, १२ टक्के फ्लॅट व्याजाने मिळेल. चालू खात्यात ८०,००० आहेत आणि सभागृहाच्या नावे १,८०,००० ची एफडी. २०१९ च्या पुरात आमच्याकडे गुडघाभर पाणी होतं. एफडी मोडून संच घ्यावा का?

उत्तर:

ताई, एफडीला हात लावू नका आणि हप्त्यांवरही सही करू नका. मधलं, ३३,००० चं पॅनेल घ्या, पण त्याच्या जोडीला वायरिंगचे पैसे बाजूला काढूनच.

आधी हप्त्यांचं बघू. १२ टक्के ऐकायला सोसेल असं वाटतं. पण फ्लॅट व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ९५,००० वरच लागतं, तुम्ही निम्मे पैसे फेडले असले तरी. दोन वर्षांत २२,८०० रुपये व्याज जाईल आणि हप्ता साधारण ४,९०८ चा बसेल. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. ज्या सभागृहात लाइटवर महिन्याला जास्तीत जास्त ६,००० वाचणार आहेत, तिथे ही बचत जवळजवळ सगळी हप्त्यातच जाईल.

शिवाय एवढ्या मोठ्या बोर्डाची तुम्हाला गरजच नाही. व्यावसायिक दिवे वायरीतून हुकूम घेण्याच्या ज्या डीएमएक्स-५१२ पद्धतीवर चालतात, तिच्या एका लाइनमध्ये ५१२ चॅनेल असतात, म्हणजे दिव्यांना आकडे पाठवायच्या ५१२ जागा. तुमचे २० पार प्रत्येकी ८ चॅनेलचे धरले, तरी १६० च वापरले जातात. नाटकवाले आणि नृत्याचे क्लास आपला प्रकाशयोजनाकार घेऊन येतात, आणि तो आपल्या हाताला सवय असलेला बोर्ड आणतो. नाट्यपंढरीत तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्याला तुमच्याकडून हवी असते ती नीट चालणारी लाइन.

मग ६,५०० वालं का नको? स्वस्त आहे म्हणून वाईट, असं मी म्हणणार नाही. सगळ्या दिव्यांना एकच रंग द्यायचा असेल तर ते पुरतं. पण अशी बरीच साधी पॅनेल लाल, हिरवा, निळा, पांढरा हे चार आकडे ठरलेल्या क्रमाने पाठवत राहतात. तुमच्या पारमध्ये पहिला चॅनेल मुख्य डिमरचा, म्हणजे एकूण उजेड कमी-जास्त करणारा असेल, तर लाल दाबल्यावर भलतंच काहीतरी लागेल. पार ४ चॅनेलच्या मोडवर आणून हे सुटतं, पण व्याख्यानात वक्त्यावर पांढरा उजेड आणि मागच्या पडद्यावर वेगळा रंग हवा असेल, तर ते पॅनेल कमी पडेल. मग लाइटवाल्याला बोलवावंच लागेल, आणि ज्यासाठी खर्च केला तेच साधणार नाही.

मधल्या पॅनेलमध्ये सीन एकदा बसवून ठेवता येतात. 'व्याख्यान', 'समारंभ', 'सफाई' अशी बटणं असली की तुमचा वॉचमनही दिवे लावू शकतो. पैसे वाचतात ते या एका गोष्टीमुळे. विक्रेत्याने वीजबिल कमी होईल असं सांगितलं असेल, तर ते हिशोबात धरू नका. पार ५४ वॅटचे असतील तर सगळे मिळून तासाला जेमतेम एक युनिट. महिन्याला ९ कार्यक्रम, प्रत्येकी ४ तास, म्हणजे ३९ युनिट. युनिटला १५ रुपये धरले तरी ५८५ रुपये होतात. त्यातून वाचून वाचून किती वाचणार?

खरा खर्च मात्र कोटेशनमध्ये दिसत नाही. डीएमएक्सची वायर माइकची नसते, ती १२० ओहमची डेटा केबल असते. ती विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून न्यायची नाही, आणि शेवटच्या पारला टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा छोटा प्लग) लागतो. पाहुण्यांचा बोर्ड आणि तुमचं पॅनेल एकाच लाइनला नुसते जोडले तर दिवे लुकलुकतात, म्हणून मध्ये स्विच किंवा मर्जर (दोघांचे संदेश एकत्र करणारा डबा) बसवावा लागतो. या सगळ्यासाठी ९,००० धरा. आणखी ३,००० तुमच्या नेहमीच्या लाइटवाल्याला द्या, सीन बसवायला. त्याची महिन्याची पाच कामं आपण काढून घेतोय. तुमचे दिवे त्याच्याइतके कुणाला माहीत नाहीत, आणि नाटकांच्या दिवशी तोच लागणार आहे. त्याला आधीच विश्वासात घ्या, गुपचूप पॅनेल बसवू नका.

एकूण ४५,०००. पाचही साध्या बुकिंगना तो लागला नाही, तर साडेसात महिन्यांत पैसे वसूल होतील. निम्म्यांदाच जमलं तरी सव्वा वर्षात. हे मला पटतं. चालू खात्यात मग ३५,००० उरतील. तेवढ्याने दोन महिन्यांचा पगार आणि वीजबिल भागत नसेल, तर वायरिंग आत्ता करा आणि पॅनेल डिसेंबर-फेब्रुवारीच्या स्नेहसंमेलनांचे पैसे आल्यावर घ्या. मधल्या काळात लाइटवाला आहेच.

एफडी राहू द्या, कारण तुम्ही सांगलीत आहात. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी वारंवार आलंय. पुरानंतर पहिले दोन महिने बुकिंग नसतं आणि खुर्च्या-वायरिंगचा खर्च मात्र लगेच समोर उभा राहतो. ते पैसे त्यासाठीच आहेत. पॅनेल, त्याचा अडॅप्टर आणि मर्जर २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या बऱ्याच वर बसवायला सांगा, आणि विम्याच्या पॉलिसीत पुराचं संरक्षण आहे का ते बघून नवीन वस्तूची नोंद करून घ्या.

पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या. एका दिवसात एका विक्रेत्याला १०,००० पेक्षा जास्त रोख दिलीत, तर ती रक्कम प्राप्तिकरात मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही आणि त्यावरचा घसारा जातो. जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराच्या क्रेडिटबद्दल सीएला विचारा. नसेल तर तो कर खर्चच समजा.

बाहेर जाण्याच्या दारांवरचे आणि पायऱ्यांचे दिवे या पॅनेलवर कधीही घेऊ नका. डीएमएक्समध्ये संदेश बरोबर पोचला की नाही हे तपासण्याची सोय नाही. ते दिवे वेगळ्या सर्किटवरच राहिले पाहिजेत, विक्रेता कितीही आग्रह करो.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला पॅनेल घेऊन सभागृहात बोलवा आणि तुमच्याच दोन पारवर चालवून दाखवायला सांगा. मेन स्विच बंद करून परत चालू करा: सीन जागेवर राहिले का, आणि दिवे आपोआप कोणत्या अवस्थेत आले, ते बघा. फोनच्या ॲपवर चालणारं असेल तर इंटरनेट बंद करून तपासा. बसवून झाल्यावर सीनची फाइल आणि पासवर्ड तुमच्या पेन ड्राइव्हवर द्यायचा, ही अट कोटेशनवर लिहून घ्या, आणि शेवटचे ५,००० रुपये ती फाइल हातात आल्यावरच द्या.