‘कंचेर्तो’ म्हणजे मैफल नव्हे

व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीविषयी मराठीत एक भित्तिफलक तयार करताना आपल्याला पडलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७७ साली अंतराळात गेलेल्या या तबकडीवरील संगीताची सुरुवात जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या ज्या रचनेने होते, तिला आपण मसुद्यात ‘ब्रांडेनबर्गची दुसरी मैफल’ असे म्हटले आहे आणि तिच्यातील प्रमुख वाद्ये बासरी, सनई, तुतारी आणि व्हायोलिन अशी दिली आहेत. आपल्या एका परिचितांनी ‘मैफल’ऐवजी ‘जुगलबंदी’ सुचवली आहे. यातले काय ठेवावे आणि काय बदलावे, आणि ही रचना ज्या सहा रचनांच्या संचातली आहे, जमल्यास त्या सहाही रचनांच्या वाद्ययोजनेबद्दल चार ओळी लिहिताना कोणते शब्द वापरावेत, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो: मैफल काढावी, जुगलबंदी घेऊ नये, मूळ नावातला ‘कंचेर्तो’ (बहुधा काही वाद्ये पुढे आणि बाकीचा वाद्यसमूह मागे अशी रचना) हाच शब्द ठेवावा. वाद्यांच्या नावांबाबत मात्र मराठी इतकी दुबळी नाही, आणि एका ठिकाणी तर ती इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी आहे.

मैफल हा प्रसंग असतो. ती ठरते, जमते, रंगते आणि भैरवीने संपते. कंचेर्तो ही रचना आहे. ती लिहिली जाते, छापली जाते, तीनशे वर्षांनी पुन्हा वाजवली जाते आणि एखाद्या मैफलीत तिचा समावेशही होऊ शकतो. इंग्रजीने ‘कॉन्सर्ट’ आणि ‘कंचेर्तो’ असे दोन शब्द वेगळे ठेवले असल्यामुळे हा भेद तिथे दिसतो. जर्मनमध्ये मात्र ‘कोन्त्सेर्ट’ हा एकच शब्द कार्यक्रमालाही चालतो आणि रचनेलाही. खुद्द बाखने २४ मार्च १७२१ रोजी या सहा रचनांची सुबक नक्कल ब्रांडेनबर्गचा मार्कग्राफ (एक जर्मन सरदारी किताब) क्रिस्टियान लुडविग याला अर्पण केली, तेव्हा दरबारी रिवाजाप्रमाणे अर्पणपत्रिका फ्रेंचमध्ये लिहिली आणि मथळ्यात या रचनांना ‘अनेक वाद्यांसह सहा कोंसेर’ असे म्हटले. हा ‘कोंसेर’ म्हणजे आपल्या ओळखीचा कॉन्सर्टच. तेव्हा आपली गफलत झाली असेल, तर ती मोठ्या माणसांच्या संगतीत झाली आहे.

त्या मथळ्यात रचनांच्या नावात ‘ब्रांडेनबर्ग’ नाही, ते फक्त मार्कग्राफच्या किताबात येते, हे जाता जाता लक्षात घ्यावे. ‘ब्रांडेनबर्ग कंचेर्तो’ हे नाव एकोणिसाव्या शतकात बाखचे चरित्रकार फिलिप श्पिट्टा यांनी रूढ केले. १७२१ मध्ये बाख जर्मनीतल्या क्योथेनच्या दरबारात संगीतप्रमुख होता. ब्रांडेनबर्गचा संबंध फक्त ज्याला वही अर्पण केली त्या उमरावापुरता. म्हणून ‘ब्रांडेनबर्गची’ हा षष्ठीचा प्रत्ययही काढावा, कारण मराठी वाचक ‘ब्रांडेनबर्गची मैफल’ वाचून ती ब्रांडेनबर्गला झाली असेच समजणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. ‘ब्रांडेनबर्ग कंचेर्तो’ असा जोडशब्द नाव म्हणून उभा राहतो आणि गावाची खोटी साक्ष देत नाही.

आता मूळ शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘कोन्चेर्तारे’ म्हणजे झुंजणे, वाद घालणे. इटालियनमध्ये तेच क्रियापद मेळ घालणे, एकमताने ठरवणे या अर्थाने स्थिरावले. संगीतात हा शब्द छापील शीर्षकात आला तो व्हेनिसला १५८७ मध्ये, आंद्रेआ आणि जोव्हान्नी गाब्रिएली या काका-पुतण्यांच्या ‘कंचेर्ती’ या संग्रहावर, आणि त्या संग्रहात आवाज आणि वाद्ये एकत्र आहेत. पुढे १६१९ मध्ये मिखाएल प्रेटोरियस या जर्मन लेखकाने पुन्हा लॅटिन अर्थाकडे बोट दाखवून कंचेर्तो म्हणजे जणू आपसांतील चकमक, असे सुचवले. भांडण आणि एकोपा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात याचे युरोपीय अभ्यासकांना फार नवल वाटते. आपल्याला तितके वाटू नये. ‘वद्’ या एकाच धातूपासून आपल्याकडे ‘वाद’ आला, ‘संवाद’ आला, ज्याला बोलते करायचे ते ‘वाद्य’ आले, आणि रागशास्त्रातले वादी, संवादी, विवादी स्वरही आले. कंचेर्तोची फोड करून सांगण्याची वेळ आलीच, तर ‘वाद्यांचा वाद आणि संवाद’ यापेक्षा जवळचे मराठी मला सुचत नाही. पण ते स्पष्टीकरण झाले. त्याचेच नाव करून ‘वाद्यसंवाद क्र. २’ असे छापले, तर वाचकाला तो शब्द दुसरीकडे कुठेही सापडणार नाही.

जुगलबंदीचा मोह समजण्यासारखा आहे. मात्र जुगलबंदीत युगुल हवे, म्हणजे दोघे हवेत, आणि ते तोलामोलाचे हवेत. शिवाय तिची गंमत आयत्या वेळी सुचण्यात असते. बाखचा कंचेर्तो जवळजवळ सगळा लिहिलेला आहे, आणि दुसऱ्या कंचेर्तोत पुढे येऊन वाजवणारे दोन नव्हे तर चार आहेत. त्यांच्या मागे तंतुवाद्यांचा समूह असतो, त्याला बाख ‘रिपिएनो’ म्हणतो. हा शब्द इटलीच्या स्वयंपाकघरातही चालतो आणि तिथे त्याचा अर्थ आपल्या भरल्या वांग्यातला ‘भरला’ असा होतो. संगीतातही तो भरणा करणारा समूहच आहे. आणि तिसऱ्या कंचेर्तोत तर मुख्य आणि भरणा हा भेदच पुसट होतो: तीन व्हायोलिन, तीन व्हिओला (व्हायोलिनहून थोडी मोठी), तीन चेलो (त्याहून मोठे, बसून वाजवायचे) आणि त्यांच्याखाली खर्जाची साथ, असा एकाच घराण्यातला मेळा तिथे आहे. याला जुगलबंदी कशी म्हणणार? फक्त सहाव्या कंचेर्तोच्या आरंभी, जिथे दोन व्हिओला अगदी अर्ध्या मात्रेच्या अंतराने एकच ओळ एकमेकींच्या पाठोपाठ धरतात, तिथे ‘जुगलबंदी’ हा शब्द वर्णनात आला तर मी खोडणार नाही.

वाद्यांत पहिला अडथळा बासरीचा आहे. दुसऱ्या कंचेर्तोच्या मथळ्यात बाख ‘फ्लाउतो’ लिहितो. त्या काळी नुसते फ्लाउतो म्हटले की ते उभे धरून, चोचीसारखे टोक ओठांत घेऊन फुंकायचे वाद्य असे; इंग्रजीत त्याला रेकॉर्डर म्हणतात. आडवे धरायचे वाद्य हवे असेल तर बाख तसे सांगतो, आणि पाचव्या कंचेर्तोत त्याने ‘त्राव्हेर्सिएर’ असे म्हणजे ‘आडवी’ असे स्पष्ट लिहिले आहे. इंग्रजी ‘फ्लूट’वरून अनुवाद करणारा दोन्हींना बासरी म्हणून मोकळा होतो. मराठीत मात्र हा भेद करायला शब्द आहेत. बासरी ओठांना आडवी लावून तिच्या भोकाच्या कडेवर फुंकर घालावी लागते आणि स्वर निघेपर्यंत नवशिक्याची दमछाक होते. जत्रेत मिळणारे अलगूज तोंडात धरले की लहान पोरही पहिल्या फुंकरीला वाजवते, कारण हवेची वाट आत आखूनच दिलेली असते. बाखचा फ्लाउतो या दुसऱ्या जातीचा आहे. फलकावर मी ‘रेकॉर्डर’ लिहीन, कारण आजच्या शाळकरी मुलांना तो शब्द माहीत आहे, आणि पुढे ‘अलगुजासारखे उभे फुंकवाद्य’ अशी ओळख जोडीन. बासरी हा शब्द पाचव्या कंचेर्तोसाठी राखून ठेवावा. चौथ्यात बाखने दोन ‘फियाउती देको’, म्हणजे शब्दशः ‘प्रतिध्वनीचे’ फ्लाउतो, मागितले आहेत. हे नेमके कोणते वाद्य यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा रेकॉर्डरच वाजतात. तिथे ‘दोन रेकॉर्डर’ लिहिले की पुरे.

तुतारीबाबत मी काहीसा द्विधा आहे. बाखच्या ‘त्रोंबा’ला आजच्या ट्रंपेटसारख्या कळा किंवा झडपा नव्हत्या. ती नुसती पितळी नळी असे आणि सगळे स्वर ओठांच्या ताणावर आणि श्वासाच्या दाबावर काढावे लागत. मंगल कार्यालयाच्या दारात तुतारीवाला गाल फुगवून दोन-तीन स्वर खालून वर चढवत नेतो, तेव्हा तो नेमके हेच करत असतो. अशा नळीत खालचे स्वर एकमेकांपासून लांब असतात आणि वर जावे तसे जवळ येतात. म्हणून सलग धून हवी असेल तर वादकाला अगदी वरच्या टोकाला, जिथे चुकायला जराही जागा नाही तिथे वाजवावे लागते, आणि दुसऱ्या कंचेर्तोतला त्रोंबा जवळपास सगळा तिथेच वावरतो. मधल्या संथ भागात बाख त्याला गप्प बसवतो. यंत्र म्हणून पाहिले तर तुतारी हे भाषांतर चुकीचे नाही, उलट ‘ट्रंपेट’पेक्षाही अधिक खरे आहे. पण मराठी मनात तुतारीबरोबर स्वागत, मिरवणूक आणि फेटे येतात, आणि बाखचा त्रोंबा रेकॉर्डरसारख्या नाजूक वाद्याच्या शेजारी बसून त्याच्याशी बरोबरीने बोलतो. म्हणून नाव ‘ट्रंपेट’ ठेवावे आणि स्पष्टीकरणात तुतारीला बोलवावे. पहिल्या कंचेर्तोतल्या दोन ‘कोर्नो दा काच्चा’ला मात्र ‘शिकारीची शिंगे’ असे बेधडक म्हणावे. इटालियन नावाचा शब्दशः अर्थ तोच आहे, आणि सुरुवातीलाच त्यांनी दिलेल्या हाका शिकारीच्याच आहेत.

मसुद्यातल्या सनईच्या जागी मुळात ओबो आहे. ओबो आणि सनई ही एका कुळातली वाद्ये आहेत. दोन्हींत दुहेरी पत्ती आहे, दोन्हींची नळी तोंडाकडे निमुळती आहे. तरीही सनई म्हटले की वाचक लग्नघरात जाऊन पोहोचतो. ओबो.

बाकीच्या कंचेर्तोंविषयी लिहिताना दोन ठिकाणी जपावे लागेल. पाचव्यातले ‘चेंबालो’ म्हणजे हार्प्सिकॉर्ड. त्याला पियानो म्हणू नये आणि पेटी तर मुळीच म्हणू नये. पियानोत हातोडी तारेवर पडते. हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली की आत एक उभी लाकडी चीप वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेला पिसाच्या दांड्याचा बारीक तुकडा तार छेडून जातो, म्हणजे सतारीच्या नखीचे काम तिथे यंत्र करते. आणि म्हणूनच पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाज जवळपास तेवढाच राहतो. १७१९ मध्ये क्योथेनच्या दरबारासाठी असे एक नवे वाद्य आणायला बाख स्वतः बर्लिनला गेला होता. एरवी साथीला बसणाऱ्या या वाद्याला त्याने पाचव्या कंचेर्तोत पुढे आणले आणि पहिल्या भागाच्या अखेरीस बाकी सर्वांना थांबवून सुमारे ६५ आवर्तने त्याला एकट्याला दिली. इथे पाश्चात्त्य ‘बार’ला मी आवर्तन म्हटले आहे, तालाचे आवर्तन आणि बार यांत फरक आहे हे मान्य करूनही फलकावर ते खपून जाईल.

दुसरे ठिकाण सहाव्या कंचेर्तोचे. त्यात व्हायोलिन एकही नाही. दोन ‘व्हिओला दा ब्राच्चो’ आणि दोन ‘व्हिओला दा गांबा’ आहेत. ब्राच्चो म्हणजे हात आणि गांबा म्हणजे पाय. ज्या भाषेत हातपेटी आणि पायपेटी हे शब्द सुखाने नांदतात, तिच्या वाचकाला ‘हातावर धरायची व्हिओला’ आणि ‘पायांत धरायची व्हिओला’ समजायला क्षणही लागणार नाही, जरी पायपेटीतला पाय भाता हलवतो आणि गांबाच्या वादकाचे पाय नुसते वाद्य पेलतात. गांबाच्या दांडीवर सतारीसारखे पडदे असतात, हेही सांगावे. चेलोपासून तिला वेगळे ओळखायची ती सोपी खूण आहे.

लेखनाबद्दल थोडेसे. ‘कन्सर्टो’ हे ‘कॉन्सर्ट’च्या ओढीने आलेले रूप आहे, ते टाळावे. संस्कृतेतर शब्दांत परसवर्ण न लिहिता अनुस्वार द्यावा या आपल्या नियमाने ‘कंचेर्तो’ असे लिहिता येते. चमच्यातला ‘च’ की चंद्रातला, ही अडचण येत नाही, कारण ‘ए’च्या आधी मराठी जीभ आपोआप चेंडूतला तालव्य ‘च’ घेते आणि इटालियन उच्चारही तोच आहे. लिंग पुल्लिंगी, ‘फोटो’ आणि ‘रेडिओ’ यांच्या चालीवर: एक कंचेर्तो, सहा कंचेर्तो, कंचेर्तोंमध्ये. इटालियन अनेकवचन ‘कंचेर्ती’ मराठी वाक्यात आणू नये. ते स्त्रीलिंगी एकवचन वाटते आणि मग ‘ती कंचेर्ती’ व्हायला वेळ लागत नाही. ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द संस्थेच्या नावापुरताच ठेवावा, कारण मराठीत ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत होणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम. एरवी ‘वाद्यवृंद’ म्हणावे.

परका शब्द तसाच ठेवण्यात आपल्याला संकोच वाटतो असे आपण लिहिले आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, आणि तबकडीच्या इंग्रजी यादीत त्या नोंदीपुढे ‘राग’ हाच शब्द रोमन लिपीत लिहिला आहे. यादी करणाऱ्यांनी त्याचे भाषांतर केले नाही, आणि आपल्यापैकी कोणी त्याबद्दल तक्रारही केलेली नाही.

फलकावरची ओळ मी अशी लिहीन: ‘योहान सेबास्टियन बाख: ब्रांडेनबर्ग कंचेर्तो क्र. २, एफ मेजर, पहिला भाग. प्रमुख वाद्ये: ट्रंपेट, रेकॉर्डर, ओबो आणि व्हायोलिन, साथीला तंतुवाद्यांचा वृंद आणि हार्प्सिकॉर्ड. वादन: म्यूनिक बाख ऑर्केस्ट्रा. संचालन: कार्ल रिख्टर.’ वाद्यांचा क्रम बदलायचा झाल्यास हरकत नाही, पण रेकॉर्डर ट्रंपेटच्या लगेच नंतरच असू द्यावा. बाखनेही त्याला तिथेच बसवले आहे.