अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू रिकेल्मे बार्सिलोनात फेल का गेला?

खेळ कमी पडला म्हणून नाही, कोच व्हॅन गालला तो नकोच होता म्हणून. २००२ मध्ये अर्जेंटिनातल्या बोका क्लबहून आला तेव्हा ही खरेदी क्लबने केलेली, कोचने मागितलेली नव्हती, हे रिकेल्मेनेच नंतर मुलाखतींत सांगितलंय. मधे उभं राहून बॉल पायाखाली दाबून ठेवत पास शोधणारा माणूस, त्याला नेऊन लेफ्ट विंगवर टाकला, मग काय होणार! पुढे २००३ ला रोनाल्डिन्हो आला आणि रिकेल्मे लोनवर (उसना) स्पेनच्याच व्हियारियाल क्लबला गेला, तिथे २००६ ला चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल (आर्सेनलविरुद्धची ती शेवटच्या मिनिटांतली पेनल्टी हुकलीच म्हणा). अर्थात सगळा दोष कोचचा नाही, हा स्लोच होता आणि २००२-०३ च्या त्या सीझनला बार्सिलोनाच लीगमध्ये सहाव्या नंबरवर होती.